पालघरचा काळा पाषाण



ज्वालामुखीनें घडविलेला निसर्ग पाहण्यासाठीं हौशी प्रवासी हवाई द्वीपसमूहापर्यंत जातात. परंतु पालघर स्थानकावर उतरणाऱ्याच्या पायांखालींही अग्नीचीच करणी असते. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त शिलारस थरांवर थर वाहिला व निवून त्याचा काळा पाषाण झाला.

मनोरच्या वाटेवर वाघोबाची खिंड लागते. वारली लोक ज्या वाघोबास भजतात, त्याचें ठाणें तेथें आहे. खिंडींतून काळदुर्गाची चढण सुरू होते. माथ्यावर चौकोनी कातळ असून त्यांत पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत.

हाच पाषाण पुढें समुद्रांत उतरतो. तारापूरच्या उत्तरेस वाढवण येथें ओहोटीला विस्तीर्ण खडक उघडा पडतो. त्याच्या कपारींत खेकडे, शिंपले नांदतात; शेवंडी आणि मासळीचीं पिल्लें वाढतात. त्यावरच किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा चरितार्थ चालतो.

वाढवणच्या नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. त्यासाठीं सुमारें १,४४८ हेक्टर समुद्रांत भराव घालण्याची योजना आहे. मोठीं जहाजें लागतील असें खोल बंदर देशास हवें, हें खरें; परंतु मासळीचीं घरें बुजलीं तर आपण जावें कोठें, हा कोळ्यांचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

हा प्रश्न ज्यास समजून घ्यावयाचा असेल, त्यानें भरती-ओहोटीची वेळ गांवकऱ्यांस विचारून त्या खडकावर एकदां जाऊन यावें. कपारींतील जीव मात्र जागच्या जागीं राहूं द्यावे.