अंधार सर्वांना सारखा नसतो

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा सारांश)



संकट गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणण्याची प्रथा आहे. वादळ तसे पाहत नसेलही. वादळानंतरचा अंधार मात्र नेमके तेवढेच पाहतो. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री न्यूयॉर्कवर आदळलेल्या सँडी वादळाची हकिकत याची साक्ष देते.

त्या रात्री मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाशी समुद्राचे पाणी सुमारे १४ फुटांपर्यंत चढले. पूर्व १३ व्या रस्त्यावरील विद्युत उपकेंद्राचे संरक्षण साडेबारा फुटांच्या हिशेबाने केलेले होते. पाणी आत शिरले, स्फोट झाला आणि ३९ व्या रस्त्याच्या दक्षिणेकडील बहुतेक शहर काळोखात बुडाले.

महानगरात वीज जाते तेव्हा केवळ दिवे जात नाहीत. पंप थांबला की उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवरील नळ कोरडे पडतात. लिफ्ट थांबली की बाराव्या मजल्यावरील वृद्धेचे घर हीच तिची कोठडी होते. मोबाइल चार्ज करण्यासाठी माणसे उत्तरेकडच्या उजेडापर्यंत पायपीट करीत आणि एकेका प्लगभोवती अनोळखी लोकांचे घोळके जमत. बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, पण त्यांना इंधन पोहोचवणारे पंप तळघरात बुडाले होते. तेव्हा कर्मचाऱ्यांनी जिन्यात साखळी केली आणि इंधन हातोहात तेराव्या मजल्यापर्यंत चढवले.

याच काळोखात गोल्डमन सॅक्स या बलाढ्य वित्तसंस्थेची इमारत स्वतःच्या जनरेटरवर झगमगत होती. ४ नोव्हेंबरच्या मॅरेथॉन शर्यतीसाठी सेंट्रल पार्कमध्येही जनरेटर आणून ठेवलेले होते. लोकक्षोभ उसळला तेव्हा कुठे, दोन दिवस आधी, ती शर्यत रद्द झाली.

वीज परत आणली ती कोणी? कॉन एडिसन या खाजगी कंपनीच्या कामगारांनी. त्याच वर्षीच्या जुलैत, निवृत्तिवेतनाच्या वादावरून, या कंपनीने आठ हजारांहून अधिक कामगारांवर टाळेबंदी लादली होती. ती जवळजवळ चार आठवडे चालली. ज्यांना उन्हाळ्यात दाराबाहेर ठेवले, तेच वादळानंतर खाऱ्या पाण्याने भरलेल्या भुयारांत उतरले. ३ नोव्हेंबरपर्यंत मॅनहॅटनचा बहुतेक भाग उजळला.

ब्रुकलिनमधील रेड हुक मात्र अंधारातच राहिले. तेथे शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची मोठी वसाहत आहे. या प्राधिकरणाच्या शहरभरातील चारशेहून अधिक इमारतींना फटका बसला. सुमारे ८०,००० रहिवासी वीज, उष्णता वा गरम पाणी यांना मुकले. रेड हुकमध्ये अनेक घरांत मॅनहॅटननंतर आठवडाभर वा त्याहून अधिक काळ वीज आली नाही. तळघरांतील विद्युतफलक समुद्राच्या पाण्याने निकामी झाले होते. रस्त्यावर वीज येऊनही घरात येत नव्हती.

येथे समाजवाद्यांनी स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. कॉन एडिसन खाजगी आहे. पण रेड हुकच्या इमारती सार्वजनिक मालकीच्याच होत्या. वर्षानुवर्षे केंद्रीय अनुदान आटत गेल्याने दुरुस्त्या तुंबलेल्या होत्या. मालकीची पाटी बदलली म्हणजे काम संपले, असे नाही. पैसा काढून घेतलेली आणि रहिवाशांना उत्तर न देणारी सार्वजनिक संस्था गरिबाला त्याच अंधारात ठेवते.

मग त्या जिन्यांवरून पाणी, अन्न, औषधे आणि ब्लँकेटे कोणी चढवली? शेजाऱ्यांनी, आणि 'ऑक्युपाय सँडी'च्या स्वयंसेवकांनी. वॉल स्ट्रीटजवळील ज्या चळवळीचा तळ पोलिसांनी २०११ च्या नोव्हेंबरात उठवला होता, तिचेच कार्यकर्ते वर्षभरानंतर ब्रुकलिनच्या चर्चमध्ये मदतकेंद्रे चालवीत होते. लग्नातील आहेराची यादी ठेवण्याची इंटरनेटवरील सोय त्यांनी मदतीच्या वस्तू मागवण्यासाठी वापरली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्यासाठी झालेल्या अभ्यासातही त्यांच्या कामाची प्रशंसा झाली.

या प्रशंसेतच धोका आहे. लोक स्वतः सावरतात असे एकदा ठरले, की शासनाला हात झटकायला मोकळीक मिळते. जिना चढून पाण्याची बाटली पोहोचवणे हे माणुसकीचे काम आहे. पंप तळघरातच का ठेवला आणि दुरुस्तीचा पैसा कोठे गेला, हे विचारणे राजकारणाचे. पहिल्यावाचून दुसरे पोकळ ठरते आणि दुसऱ्यावाचून पहिले भूतदयेवर थांबते.

रचना आणि संघर्ष ही जोडी समाजवादी चळवळीला नवी नाही. कार्यकर्त्याने अंधारात कंदील घेऊन जिना जरूर चढावा; पण उजेड आल्यावर हिशेब मागायला त्याच रहिवाशांना बरोबर घेऊन खाली उतरावे. कारण पुढच्या वादळात कोणाचा दिवा आधी लागणार, हे वादळ येण्यापूर्वीच अंदाजपत्रकात ठरलेले असते.