परदेशातून लॅपटॉप आणताना

आपल्या उमरगा, तुळजापूर, धाराशिव भागातली बरीच मुलं कामासाठी दुबईला, सौदीला जातात. सुट्टीला येण्याआधी त्यांचा फोन येतो, "आई, ताईच्या कॉलेजसाठी लॅपटॉप आणू का?" घरात आनंद होतो आणि पाठोपाठ भीतीही येते. विमानतळावर कस्टमवाले पकडतील का? दंड लावतील का? गटाच्या बैठकांतही हा प्रश्न आमच्यापुढे येतो. म्हणून आज त्यावरच बोलू या.

कस्टम ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचं बार्शी, सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. तेव्हा हद्दीवर करोडगिरीचा नाका असायचा आणि माल इकडून तिकडे नेताना कर द्यावा लागायचा. आजचं कस्टम म्हणजे तसाच नाका, फक्त देशाच्या हद्दीवरचा. आपली माणसं मुंबईला किंवा हैदराबादला उतरतात, तेव्हा तो विमानतळावरच लागतो.

आता नियम ऐका. 18 वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला स्वतःच्या सामानातून एक लॅपटॉप कर न भरता आणता येतो. ही सवलत 2004 पासून आहे. नवरा-बायको दोघं येत असतील तर दोघांना एकेक आणता येतो. सोबतच्या लहान लेकराच्या नावावर मात्र चालत नाही. आणि लॅपटॉप वापरासाठी असावा, विकण्यासाठी नाही.

एकाच माणसाने दुसरा लॅपटॉप आणला, तर तो बाकीच्या सामानाबरोबर मोजला जातो. त्या सामानालाही ठरावीक रकमेपर्यंत माफी असते. 2016 च्या नियमांत ती 50,000 रुपये होती. सरकार ही रक्कम बदलत असतं, म्हणून मुलाला सांगा, निघण्याआधी कस्टमच्या सरकारी वेबसाइटवर बघून घे. भिंतीवर लावायच्या चपट्या टीव्हीला मात्र 2013 पासून ही माफी नाही, त्यावर कर द्यावाच लागतो.

विमानतळावर बाहेर पडायचे दोन मार्ग असतात. कर लागेल असं काही नसेल तर हिरवा, असेल तर लाल. लपवाछपवी करायची नाही. लॅपटॉपची पावती हाताशी ठेवायची. कर बसलाच तर तिथल्या खिडकीवर भरायचा आणि सरकारी पावती घ्यायची. आणखी एक, ओळखीच्याने "एवढी पिशवी ने रे" म्हटलं तरी दुसऱ्याचं बांधलेलं सामान आणायचं नाही. ज्याच्या हातात सामान, त्यालाच जाब द्यावा लागतो.

लॅपटॉप पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवला तर ही प्रवाशाची सवलत मिळत नाही, कर भरावा लागतो. म्हणून येणाऱ्या माणसाबरोबरच आलेला बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, लगेच पैसे पाठवा, नाहीतर पोलीस येतील," असे फोन येतात. कधी फेसबुकवर ओळख झालेला परदेशी माणूस "भेट पाठवली आहे" म्हणतो आणि मग दुसरा माणूस अधिकारी बनून कर मागतो. ही फसवणूक आहे. कस्टमचा अधिकारी कुणाच्या खासगी खात्यावर किंवा फोनपेवर पैसे मागत नाही. असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. तडक 1930 नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि मुळात तिकडून आणणं परवडतं का, तेही बघा. आपल्याकडे लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे, दुबईत व्हॅट 5 टक्के. त्यामुळे तिकडे स्वस्त वाटतो. पण तिकडची वॉरंटी इथे चालते का, हे दुकानातच विचारून पावतीवर लिहून घ्यायला सांगा. नाहीतर बिघडल्यावर वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात. कीबोर्डवर अरबी अक्षरं असतात, पिनही वेगळी असते. पिनेला अडॅप्टर मिळतो. मराठी टाइपिंग सॉफ्टवेअरवर होतं, त्याची काळजी नको.

गटासाठी किंवा ग्रामसंघासाठी लॅपटॉप घ्यायचा असेल, तर आमचा सल्ला सरळ आहे. तो इथल्याच दुकानातून, गटाच्या नावाच्या जीएसटी बिलावर घ्या. मुलाच्या नावाची दुबईची पावती गटाच्या हिशोबात बसत नाही. ऑडिटच्या वेळी अध्यक्ष आणि सचिव ताईंना उत्तर देणं अवघड जातं.

मैत्रिणींनो, लेकीच्या शिक्षणासाठी येणारी वस्तू भीतीपोटी अडू नये आणि त्याच भीतीचा फायदा घेऊन कुणी आपली बचत नेऊ नये. नियम माहीत असला की फोनवरच्या दमदाटीला आपण बळी पडत नाही. पुढच्या बैठकीत या तीन गोष्टी सगळ्याजणींना सांगा: मोठ्या माणसामागे एक लॅपटॉप माफ, कर भरायचा तो खिडकीवर पावती घेऊन, आणि फसवणूक झाली तर 1930. ज्यांचा मुलगा किंवा दीर परदेशात आहे, त्या ताईंना तर आजच सांगा.