सांगलीकर नाटकमंडळीचे खेळ : राजवाड्यापासून तिकीटघरापर्यंत

(मराठी रंगभूमी दिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी 5 नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी नटराजाचे पूजन होते, नांदी होते, आणि विष्णुदास भावे यांच्या नावाचा आदराने उच्चार होतो. 1843 साली याच दिवशी सांगलीच्या राजवाड्यात त्यांच्या ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग झाला, एवढे शाळकरी मुलासही पाठ असते. परंतु त्या प्रयोगानंतर त्या मंडळींचे काय झाले, खेळ कोठे कोठे झाले, खर्च कोणी सोसला, आणि आश्रयदाता निघून गेल्यावर नटांनी पोट कसे भरले, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः त्या नाटकमंडळीचा खरा इतिहास पहिल्या रात्रीनंतरच सुरू होतो.

सांगली हे त्या काळी लहानसे संस्थान होते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे मिरजेच्या घराण्यातून वेगळे होऊन कृष्णाकाठी आले आणि सांगली ही त्यांनी आपली राजधानी केली. गणपतीचे देवालय, किल्ला, वाडा आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेली वस्ती, असे या नगराचे स्वरूप. पुण्याची पेशवाई 1818 साली बुडाली होती. गवई, कीर्तनकार, शास्त्री आणि कारागीर यांना मोठा दरबार उरला नव्हता. जे काही गुणीजन तग धरून होते ते अशा लहान संस्थानांच्या आधाराने.

अशा या गावी 1842 च्या सुमारास उत्तर कन्नड जिल्ह्यातील होनावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी आली. कानडी मुलुखातील ही खेळ करणारी मंडळी पुराणातील आख्याने गाऊन, नाचून आणि सोंगे आणून सादर करीत. आप्पासाहेबांनी त्यांचा खेळ पाहिला. तो त्यांना आवडला, पण त्याचबरोबर असेही वाटले की हाच प्रकार अधिक नीटनेटका करून मराठीत का होऊ नये? पदरी असलेल्या अमृतराव भावे यांचा मुलगा विष्णू याच्याकडे हे काम त्यांनी सोपविले. हा तरुण हूड म्हणून ओळखला जाई, पण हाताने कसबी होता. लाकडाच्या बाहुल्या करण्यात त्याचे मन रमे आणि कविता करण्याचीही त्याला आवड होती.

सीमाभागातील श्रोत्यांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपण ज्याला मराठी नाटकाचा उगम म्हणतो तो कानडी खेळ पाहून झालेला आहे. कर्कीच्या त्या मंडळींची नावे आपल्या नाट्यदिनाच्या भाषणांत येत नाहीत. त्यांच्या येण्याचा उल्लेख मात्र प्रत्येक जुन्या ग्रंथकाराने प्रामाणिकपणे केलेला आहे. दोन भाषांच्या सरहद्दीवर राहणाऱ्यांस यात नवल वाटण्याचे कारण नाही.

‘पहिले नाटक’ या शब्दप्रयोगाविषयीही थोडी सावधगिरी हवी. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिली गेली आणि त्यांची हस्तलिखिते तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कोकण-गोमंतकात दशावताराचे खेळ होतच होते. मग सांगलीचे श्रेष्ठत्व कशात? तंजावरची परंपरा महाराष्ट्रापासून दूर, दरबारातच राहिली. सांगलीची मंडळी मात्र दरबारातून बाहेर पडली आणि गावोगाव फिरली. पुढची मराठी रंगभूमी त्या फिरण्यातून उभी राहिली.

आता तो खेळ दिसे कसा, हे पाहू. आजच्या प्रेक्षकाला तो नाटकापेक्षा कीर्तन आणि लळित यांच्या जवळचा वाटेल. आरंभी सूत्रधार आपल्या साथीदारांसह रंगभूमीवर येई. झांजा, टाळ व मृदंग यांच्या साथीत मंगलाचरण होई. त्यानंतर विचित्र वेषातील विदूषक येऊन सूत्रधाराशी थट्टामस्करी करी. मग गजाननाची स्वारी येई, तिची पूजा व स्तुती होई. तिच्यामागून मोरावर बसून सरस्वती नाचत येई आणि आशीर्वाद देऊन जाई. एवढे झाल्यावर मूळ आख्यानाला प्रारंभ. सूत्रधार कथाभाग पदांतून गाऊन सांगे. त्या त्या प्रसंगाचे पात्र पुढे येऊन त्याचा आशय आपल्या शब्दांत बोले. म्हणजे पदे लिहिलेली असत, भाषणे लिहिलेली नसत. नटाला कथा ठाऊक असे, प्रसंग ठाऊक असे, बोलावयाचे काय ते त्याने उभ्या जागी सुचवून घ्यावयाचे.

यात गंमत अशी की सूत्रधार सबंध खेळभर रंगभूमीवरून हलत नसे. त्याचे गाणे हीच नाटकाची संहिता होती. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. सर्वांत लोकप्रिय पात्रे अर्थातच राक्षसांची. राक्षसपार्टी नट हातात तलवार घेऊन ‘अलल्लडुर्र’ अशी आरोळी ठोकीत प्रवेश करी, तेव्हा पुढे बसलेली मुले आयांच्या कुशीत शिरत असतील यात शंका नाही. पुढील पिढीच्या सुशिक्षितांनी या आरोळीवरून त्या सबंध नाट्यप्रकाराची थट्टा केली. मृदंगाच्या बोलावरून ‘तागडथोम’ नाटके हेही नाव पडले. थट्टा करणे सोपे असते. परंतु ध्वनिक्षेपक नसताना, दिवट्यांच्या उजेडात, शेकडो माणसांचे लक्ष एका जागी धरून ठेवणे हे काम त्या आरोळीने केले होते, हे विसरून चालणार नाही.

‘सीतास्वयंवर’ यशस्वी झाल्यावर रामायणातील अनेक आख्याने आणि मग महाभारत व पुराणे यांवरची आख्याने विष्णुदासांनी रचली. आप्पासाहेबांच्या हयातीत मंडळीला अर्थातच चिंता नव्हती. खेळाची सिद्धता, वेषभूषा, नटांचा चरितार्थ या सर्वांचा भार सरकारवाड्याकडे होता. आठ वर्षे ही व्यवस्था चालली.

1851 साली आप्पासाहेब निवर्तले.

राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या कलेचे सारे बळ आणि सारी दुर्बलता या एका घटनेत दिसते. दरबारचा आधार संपला. नाटकासाठी केलेले कर्ज होते, हौसेने जमविलेला सरंजाम होता, शिकवून तयार केलेले नट होते. या नटांना दुसरा धंदा येत नव्हता असे नाही, पण नाटकात घालविलेली वर्षे त्यांना कोणी परत देणार नव्हते. विष्णुदासांपुढे दोनच मार्ग उरले. सरंजाम मोडीत काढून मंडळी मोडावी, अथवा खेळ घेऊन गावाबाहेर पडावे आणि जो पाहील त्याच्याकडून द्रव्य घ्यावे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

आज हा निर्णय सरळ वाटतो. त्या काळी तो तसा नव्हता. कीर्तनकाराला बिदागी मिळे, गवयाला इनाम मिळे, पण देवादिकांच्या कथा दाखवून दारात पैसे घ्यावयाचे ही कल्पनाच नवी. शिवाय प्रतिष्ठित घरांतील माणसांनी तोंडाला रंग लावून परगावी हिंडणे हे कमीपणाचे मानले जाई. प्रवासाची साधने म्हणाल तर मुंबई-ठाणे आगगाडी 1853 च्या एप्रिलात सुरू झाली आणि बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग पुरा व्हावयास 1863 साल उजाडले. तेव्हा सांगलीहून निघालेल्या या मंडळीने देश आणि घाट ओलांडला तो जुन्याच वाटांनी, आगगाडीशिवाय.

1853 च्या आरंभी मंडळी मुंबईस पोहोचली. तेथे ग्रँट रोडवर 1846 साली उभे राहिलेले एक नाट्यगृह होते. ते मुख्यतः इंग्रजी खेळांसाठी बांधलेले. त्याला जागा मिळाली ती जगन्नाथ शंकरशेट यांच्याकडून. या नाट्यगृहात सांगलीकर मंडळीचे मराठी खेळ तिकिटे लावून झाले. ‘इंद्रजितवध’ हे आख्यान त्यांपैकी प्रसिद्ध आहे. राजवाड्यात निमंत्रणाने बसणारा प्रेक्षक आणि दारात पैसे मोजून आत येणारा प्रेक्षक यांतील अंतर तेव्हाच प्रथम मराठी नटाच्या अनुभवास आले. निमंत्रित मनुष्य यजमानाकडे पाहून टाळी वाजवितो. तिकीट काढलेला मनुष्य खेळाकडे पाहतो, आणि खेळ न रुचल्यास उद्या येत नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विष्णुदासांनी राजा गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्तानी भाषेत रंगभूमीवर आणले. मुंबईचा प्रेक्षक बहुभाषी आहे, हे त्यांनी काही महिन्यांतच हेरले. त्यापूर्वी ऑक्टोबरात पारशी तरुणांच्या एका मंडळीने याच नाट्यगृहात रुस्तुम-सोहराबाच्या कथेवरील गुजराती नाटक केले होते. एका वर्षात, एका इमारतीत, तीन भाषांच्या रंगभूमी अशा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सांगलीच्या मंडळीचा तेथील मुक्काम या सर्वांत आधीचा होता.

यानंतर विष्णुदास सुमारे दहा वर्षे मंडळी घेऊन हिंडले. त्यांचे पाहून इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर अशा अनेक मंडळ्या निघाल्या. नावे पाहा, सारी लहान गावांची! आपल्या रंगभूमीचा पहिला व्यवसाय महानगरांनी नव्हे तर कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांनी उभा केला. महानगराने तिकिटे घेतली.

मंडळ्या वाढल्या तशी स्पर्धा वाढली, आणि जे खपते तेच पुनःपुन्हा होऊ लागले. एकच आख्यान, तेच राक्षस, त्याच आरोळ्या. 1855 साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात पुराण नव्हते. भोवतालचा शेतकरी होता आणि त्याला फसविणारा जोशी होता. ते त्या काळी रंगभूमीवर आले नाही, आणि छापून प्रसिद्ध व्हावयास 1979 साल उजाडले. खेळांच्या यादीवरून इतिहास लिहू जाता असे नाटक दृष्टीस पडतच नाही, हा या पद्धतीचा मोठाच दोष होय. सांगलीकर मंडळीला मात्र यात दोष देता येणार नाही. ज्यांची उद्याची चूल आजच्या गल्ल्यावर पेटत होती, त्यांच्याकडून लोकांना अप्रिय असे काही दाखविण्याची अपेक्षा करणे सोपे नाही.

1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक प्रसिद्ध झाले. त्यात सारी भाषणे लिहिलेली होती. आता नटाला सुचवून बोलण्याची गरज उरली नाही. पाठ केले की झाले. नटाच्या हातून एक कसब गेले, लेखकाच्या हाती एक सत्ता आली. याच सुमारास विष्णुदासांनी नाटकमंडळीचा व्यवसाय सोडला.

‘सीतास्वयंवर’ झाले त्याच 1843 साली, आजच्या बेळगावी जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांचे ‘शाकुंतल’ आले आणि सूत्रधाराच्या कंठातील पदे पात्रांच्या मुखी गेली. अण्णासाहेब बेळगावात शिक्षक असताना त्यांच्या हाताखाली शिकलेले गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीनजीकच्या हरिपूरचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तर सांगलीचेच. विष्णुदासांच्या गावाने पुढच्या दोन पिढ्यांचे नाटककार दिले, याला योगायोग म्हणावयाचे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या गावात मुले नाटकमंडळीच्या गोष्टी ऐकत वाढतात त्या गावात नाटक लिहिणे ही अचाट गोष्ट वाटत नाही, एवढे मात्र खरे.

1943 साली सांगलीत नाट्यशताब्दीचा महोत्सव झाला. स्वातंत्र्यवीर सावरकर त्याचे अध्यक्ष होते. पुढे विष्णुदासांच्या नावाने गौरवपदक देण्याची प्रथा सुरू झाली आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व ठरले. सांगलीच्या नाट्यमंदिरालाही विष्णुदासांचे नाव आहे.

त्या जुन्या खेळांचे आज हाती काय उरले आहे? विष्णुदासांनी आपल्या आख्यानांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने 1885 साली प्रसिद्ध केली. सूत्रधार जे गात होता ते आपल्याला वाचता येते. रावण काय बोलला, सीतेने कोणते उत्तर दिले, विदूषकाच्या कोणत्या विनोदावर आप्पासाहेब हसले, ते सारे त्या त्या रात्रीबरोबर गेले. कागदावर ते कधी नव्हतेच.

9 ऑगस्ट 1901 रोजी विष्णुदासांचे देहावसान झाले. बाहुल्यांचा नाद त्यांनी कधी सोडला नव्हता. रामकथेचा खेळ करण्यासाठी घडविलेल्या त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढे दीर्घकाळ पडून राहिल्या. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त केल्या, त्यांच्या दोऱ्या पुन्हा बांधल्या, आणि त्याच बाहुल्यांकडून ‘सीतास्वयंवर’ पुन्हा एकदा लोकांसमोर करविले.