शिंग कुठे लावायचं?

जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर बोटानं हवेत काढा. एक घोडा काढायचा आहे. तोंड, मान, पाठ, शेपूट इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. मग मागचे पाय येतात आणि हात थबकतो. ते पाय नेमके वाकतात कुठे, आणि कुठल्या बाजूला?

माझाही हात तिथेच अडला होता. शहादा तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीच्या मुलांपुढे मी फळ्यावर घोडा काढत होतो. कपाळावर एक शिंग असलेला घोडा आणि त्याची मैत्रीण झालेली एक मुलगी यांची गोष्ट वाचून दाखवायची होती, म्हणून आधी चित्र. मागचे पाय काढून होतायत तोच शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा बसला तर उठायचा नाही!" वर्ग खो-खो हसला. मी माणसाचा गुडघा घोड्याला लावून ठेवला होता. तो मुलगा पुढे आला, माझ्या हातातला खडू घेतला, पाय पुसले आणि नीट वळवून काढले. घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो, ती खरं तर त्याची टाच असते. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. मुलाला हे शास्त्र माहीत नव्हतं. त्यानं सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहिले होते.

अद्भुत गोष्टीचा आस्वाद कसा घ्यावा, ती वर्गात मुलांबरोबर कशी वाचावी, हा माझा आजचा विषय. आणि त्याची सुरुवात मागच्या पायांपासून होते असं माझं मत आहे.

मैत्रीच्या आणि एकशिंगी घोड्यांच्या गोष्टींच्या मालिका हल्ली मुलांमध्ये फार चालतात. इंग्रजीत त्यांचा पूर आहे, दप्तरांवर आणि डब्यांवरही ते घोडे दिसतात. शाळेत त्यांवर 'उपक्रम' होतात ते साधारण असे: छापील चित्र रंगवा, शिंगाला चमकी लावा, आणि मैत्रीचे पाच गुण लिहा. चमकीला माझी हरकत नाही. पण 'पाच गुण लिहा' म्हटलं की गोष्ट संपते आणि मूल्यशिक्षणाचा तास सुरू होतो. मुलांना ते लगेच कळतं. गुण लिहून देतात बिचारी.

त्याऐवजी मुलांना सारंगखेड्याला न्या. तापीच्या काठावरचं हे गाव, तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ. दत्त म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तीन शिरं येतात, इथे एकच. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. चेतक महोत्सव म्हणून त्याची आता जाहिरातही होते. मारवाडी घोडा पाहा. त्याच्या दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना जवळजवळ टेकतात. पांढराशुभ्र नुकरा पाहा. चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी पाहा. घोडेवाले अंगावरच्या केसांचे भोवरे तपासतात, दात पाहतात, घोडा चालवून रहवाल आहे का ते बघतात. रहवाल म्हणजे पाठीवरच्या माणसाच्या पोटातलं पाणी हलू नये अशी चाल. जातिवंत रसिक म्हणजे काय ते त्या बाजारात दिसतं. शंभर घोड्यांच्या रांगेतून चालताना हा माणूस एका घोड्यापाशी थांबतो, आणि का थांबलो ते सांगू शकतो.

मुलांनाही एकाच घोड्यापाशी उभं करा. मालकाला विचारून, आणि मागच्या पायांपासून लांब! दहा मिनिटं फक्त बघायचं. दोन घोडे शेजारी बांधलेले असतील तर ते काय करतात? एक दुसऱ्याच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, दातांनी हलकेच खाजवतो. दुसराही त्याला खाजवतो. किंवा डोकं-शेपूट उलटसुलट करून उभे राहतात आणि एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या वारतात. घोड्यांची मैत्री ही अशी असते. आणखी एक गोष्ट घोडेवाला सांगेल: घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला दोन्हीकडचं खूप दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं, जवळचं दिसत नाही.

आता लावा शिंग.

काय होतं पाहा. कपाळातून हातभर अणकुचीदार शिंग निघालेला घोडा मित्राची मान खाजवायला वाकला तर मित्राला भोसकेल. जी एक गोष्ट घोडे प्रेमानं करतात, तीच त्याला करता येणार नाही. आणि त्याचं शिंग कपाळातून जिथून निघतं ती जागा त्याला स्वतःला दिसणारच नाही. ते दुसऱ्या कुणी सांगायला हवं. मोहरकी, म्हणजे तोंडावरचे पट्टे, चढवणाऱ्या माणसाला पट्टा शिंगाला वळसा घालून न्यावा लागेल. म्हणजे जे शिंग त्याला सगळ्यांहून वेगळं करतं, तेच त्याला एकटं पाडतं. मैत्रीची गोष्ट इथे, घोड्याच्या हाडामांसातून, आपोआप उगवते. त्यासाठी लेखकाला 'मैत्री ही मोठी गोष्ट आहे' असं एकदाही लिहावं लागत नाही. चांगली अद्भुत गोष्ट अशीच बांधलेली असते. जग सगळं ओळखीचं, बदल एकच, आणि त्या बदलाची किंमत कुणीतरी चुकवतं. किंमत न मोजता मिळालेली जादू वाचताना मजा येते, पण दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

ओळखीच्या प्राण्यात एकच बदल करायची ही युक्ती जुनी आहे. हडप्पा संस्कृतीच्या शिक्क्यांवर सर्वांत जास्त वेळा कोरलेला प्राणी वाघ किंवा हत्ती नाही. तो एकशिंगीच आहे. शंखजिऱ्याच्या मऊ दगडाचा चौकोनी शिक्का, बाजू जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. त्यात बैलासारखं भरीव अंग, ताणलेली मान, मानेवरच्या वळ्या, आणि पुढे झेपावणारं एक शिंग. बैलाला बाजूनं पाहिलं तर एका शिंगामागे दुसरं लपतं, म्हणून एकच दिसतं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं होतं. पण तिथेच मातीच्या छोट्या मूर्तीही सापडल्या, आणि त्यांनाही एकच शिंग आहे. मातीची मूर्ती हातात घेऊन फिरवता येते, तिच्यात दुसरं शिंग लपवायला जागा नसते. म्हणजे कारागिरानं ठरवूनच एक शिंग दिलं. हा शिक्का वर्गात जरूर करायला लावा. कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि खिळा पुरतो. मात्र शिक्का उलटा कोरावा लागतो. उमटल्यावर डावं उजवं होतं. हे कळेपर्यंत दोन-तीन वड्या वाया जातात, त्या जाऊ द्याव्यात.

आपल्या महाराष्ट्रातलाही एक एकशिंगी सांगतो. 1974 साली प्रवरेच्या काठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खोदताना चार काशाच्या वस्तू मिळाल्या. एक बैलांचा रथ, एक हत्ती, एक रेडा आणि एक गेंडा. रथाप्रमाणे रेडा आणि गेंडाही चाकांवर आहेत. गेंड्याला निसर्गानंच एक शिंग दिलेलं. कारागिरानं त्याला चाकं लावली आणि निसर्गाच्या पुढे एक पाऊल टाकलं. त्या चाकांकडे पाहून मला नेहमी वाटतं, ह्यांना दोरी बांधून कुणी लहान मूल ओढत असेल का? तसे ते बरेच जड आहेत, ही शंका कुणी काढली तर मी वाद घालणार नाही.

आता वर्गात परत येतो. गोष्ट वाचून दाखवताना शिक्षकांनी आवाज फार काढू नयेत. राक्षसाचा आवाज काढला की मुलं शिक्षकाकडे बघतात, राक्षसाकडे नाही. सावकाश वाचावं आणि योग्य जागी थांबावं. थांबायची जागा प्रकरणाच्या शेवटी नसते. कुणीतरी काहीतरी ठरवतंय, अजून ठरवलेलं नाही, तिथे पुस्तक मिटावं आणि विचारावं, "ही मुलगी आता काय करेल?" दहा उत्तरं येतील. मग पुढचं वाचायचं. लेखकानं अकरावंच काही केलं असेल तर मुलांना लेखन म्हणजे काय ते तिथल्या तिथे समजतं.

मालिका वाचत असाल तर एक वही ठेवा. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी. पहिल्या पुस्तकात लिहिलंय की शिंग फक्त रात्री उजळतं? लिहा वहीत. चौथ्या पुस्तकात ते भर दुपारी उजळलं तर मुलं लेखकाला पकडतात, आणि त्यांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. काल्पनिक जगाला नियम असतात आणि ते पाळावे लागतात, हे व्याख्यान देऊन सांगायची गरजच उरत नाही. विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश' मोठ्यांनाही पुन्हा वाचता येतं. तिथलं जग वेडं आहे, पण त्या वेडात कुठे ढिलाई नाही.

मैत्रीसाठी मला सगळ्यात आवडणारा खेळ कागदाचा आहे. दोन मुलं, एक कागद, बोलायचं नाही. एकानं घोडा काढायचा, दुसऱ्यानं शिंग लावायचं. दुसऱ्याला पहिल्याची रेघ पुसायची मुभा नाही. पहिल्यानं मान खाली घातलेला घोडा काढला तर शिंग जमिनीकडे जाणार. मग दुसऱ्यानं जमीन उकरणारं शिंग करायचं की मान बिघडवायची? पुष्कळदा भांडण होतं. होऊ द्या. त्या भांडणाचं एक पान लिहायला सांगा, दोघांनी वेगवेगळं. मैत्रीच्या पुस्तकांत भांडणाचं प्रकरणच बहुधा सगळ्यांत चांगलं लिहिलेलं असतं. मुलंही तेच सगळ्यांत चांगलं लिहितात.

आणि भाषा. आपल्या शहाद्याकडच्या भागात वर्गाची भाषा मराठी, पण घरात पावरी, मावची, भिलोरी, अहिराणी, गुजरी. त्या प्राण्याचं नाव मुलाला घरच्या भाषेत ठेवू द्या. पुस्तकातलं नाव पाठ करण्यापेक्षा आजीनं सुचवलेलं नाव त्या घोड्याला जास्त शोभतं. शिवाय आजीला विचारायला गेलं की आजी दुसरी गोष्ट सांगते, हा वरचा फायदा.

अद्भुत म्हणजे परदेशी, असा समज इथल्या मुलांचा होऊ नये. काठी गावच्या राजवाडी होळीला बुध्या झालेला माणूस त्यांनी पाहिलेला असतो. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं. कालपर्यंत शेजारच्या शेतात काम करणारा तो माणूस त्या रात्री वेगळाच कुणी असतो. आणि नर्मदा ओलांडली की पलीकडे अलिराजपूर, छोटा उदेपूरकडच्या घरांत पिठोऱ्याच्या भिंती आहेत. घोड्यांच्या रांगाच्या रांगा. नवस फेडण्यासाठी घरात पिठोरा लिहवून घेतात. लिहिणारा तो लखारा, विधी करणारा बडवा. ते घोडे देवांचे. छोटा उदेपूरचे परेश राठवा यांना या कलेसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. शिक्षकांना एक विनंती: पिठोऱ्याचा घोडा 'नक्षी' म्हणून मुलांकडून गिरवून घेऊ नका. भिंत दाखवा, ती कुणी, कशासाठी लिहवली ते सांगा, आणि प्रत्येक घोडा शेजारच्या घोड्याहून कुठे वेगळा आहे ते शोधायला लावा. मग मुलं आपापला घोडा काढतील, तो त्यांचा असेल.

त्या पाचवीच्या वर्गात शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. खडू घेऊन पाय दुरुस्त करणाऱ्या मुलाला मी म्हटलं, "आता शिंगही तूच लाव." तो बराच वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला आणि त्यानं शिंग कपाळावर लावलंच नाही. मानेच्या मागे, आयाळीत लावलं, मागे झुकलेलं. कारण विचारलं तर म्हणाला, "पुढे लावलं तर तोबरा कसा बांधायचा?"

येत्या दत्तजयंतीला घरातल्या मुलांना सारंगखेड्याला घेऊन जा. एका घोड्यापाशी थांबा. घरी आल्यावर कागद घ्या, आणि चित्राची सुरुवात मागच्या पायांपासून करा.