परदेशातील रत्नखरेदी



थायलंडमधील चंथाबुरी हे माणकांच्या व्यापाराचे जुने ठाणे. आठवड्याच्या अखेरीस तेथील गल्लीत टेबले मांडून खड्यांचे सौदे होतात. मोझांबिक, ब्रह्मदेश येथील माल भट्टीत तापविला की रंग खुलतो. हे तापविणे व्यापारास मान्य आहे. मात्र ते सांगून विकावे. चिरांत काच भरलेले माणिक ही गोष्ट निराळी. दिसावयास ते तेजस्वी, परंतु सोनाराच्या आचेने, इतकेच काय, लिंबाच्या रसानेही त्याची काच बिघडते. कापडाचा पोत बोटांना कळतो. खड्याच्या पोटातील बुडबुडे भिंगाखालीच दिसतात. तेव्हा ‘आजच सरकारी सवलत’ असे सांगून बँकॉकचा रिक्षावाला नेईल त्या दुकानात, प्रयोगशाळेच्या अहवालाविना, मुलीच्या लग्नाची पुंजी ओतू नये.

परतताना पावतीसह माल जाहीर करावा. दागिन्यांवरील करमाफी, पुरुषास २० व स्त्रीस ४० ग्रॅम, ही वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे. आठ दिवसांच्या सहलीस ती लागू नाही. घरचे दागिने नेणाऱ्या भगिनींनी निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. येताना तोच कागद कामी येतो.