माघ बिहूचा तिल पिठा



जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे संक्रांत येते, तेव्हाच आसामात माघ बिहू असतो आणि तिथल्या स्वयंपाकघरांत तिल पिठा होतो. तीळ आणि गूळ आपल्याही ओळखीचे. तांदूळ मात्र आपल्याकडचा नाही.

त्याला तिथे बोरा साऊल म्हणतात. हा चिकट तांदूळ भिजवून निथळतात आणि ढेंकीत, म्हणजे पायानं चालवायच्या लाकडी उखळीत, कांडतात. पीठ ओलसर हवं. वाळलं की पिठा मोडलाच. तापल्या तव्यावर भुरभुरून ते पातळ पसरायचं, मधोमध भाजलेल्या काळ्या तिळांचं आणि गुळाचं सारण घालायचं आणि झटकन गुंडाळायचं. थेंबभर तेल लागत नाही. तरी ते भुरभुरीत पीठ एकजीव कसं होतं? आपल्या रोजच्या तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. बोरा तांदळात अमायलोज नावापुरतंच असतं. उरलेलं अमायलोपेक्टिन ओल आणि उष्णता मिळताच फुगून चिकटतं. चिकट असला तरी यात ग्लुटेन नाही बरं का. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांना तो चालतो.

पण हेच अमायलोपेक्टिन लवकर पचतं आणि रक्तातली साखर झपाट्यानं चढवतं. त्यात गूळ! गूळ म्हणजे साखर नव्हेच, ही आपली लाडकी समजूत. मधुमेह असणाऱ्यांनी ती सोडलेली बरी.

पिठ्यातलं पोषण मुख्यतः तिळांत आहे. 100 ग्रॅम सालासकट तिळांत सुमारे 18 ग्रॅम प्रथिनं आणि 900 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. कागदावरचं हे सगळं अंगी लागत नाही, कारण सालातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधलेलं असतं. शिवाय अख्खा तीळ न चावता गिळला, तर तो तसाच बाहेर पडायचा. म्हणून सारणाचे तीळ भाजून कुटतात ते योग्यच.

आणखी एक उणीव आहे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, आणि तिळातही कमीच. दोघं मिळून ती भरून काढत नाहीत, दूध-दही काढतं. आसामी माणूस न्याहारीच्या जलपानात बोरा तांदूळ दही-गुळासोबत खातो, ते मला पिठ्याहूनही शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा कुणी आसामी स्नेही तिल पिठा देऊ करील, तर आनंदानं घ्या. एक-दोन खा, नीट चावून खा आणि सोबत वाटीभर दही मागून घ्या.