प्रसिद्धीची विद्या आणि तिची नीती

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आजच्या भाषणाचा विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. परंतु खरे सांगावयाचे तर हा विषय मला आपल्या वधूवर-सूचीनेच दिला. यंदाच्या सूचीत एका मुलीच्या नावापुढे, व्यवसायाच्या रकान्यात, ‘प्रकाशनसंस्थेत प्रसिद्धी अधिकारी’ असे लिहिले आहे, आणि एका मुलाच्या नावापुढे ‘चित्रपट प्रसिद्धी’. सूची चाळताना दोघातिघा गृहस्थांनी मला विचारले, “गुरुजी, हा कसला धंदा? दुसऱ्याच्या नावाने दवंडी पिटावयाची, यात पोटाची शाश्वती काय आणि अब्रूची काय?” प्रश्न कुत्सित नव्हता, त्यामागे लेकीबाळींची काळजी होती. म्हणून त्याचे उत्तर चारचौघांत, विचारपूर्वक द्यावे असे मला वाटले.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. नाटक, चित्रपट अथवा पुस्तक तयार झाले म्हणजे कर्त्याचे काम संपते. परंतु ते ज्याच्यासाठी केले त्या प्रेक्षकाला अगर वाचकाला त्याची वार्ताही नसते. ही वार्ता योग्य माणसापर्यंत, योग्य वेळी आणि योग्य शब्दांत पोहोचविणे हे प्रसिद्धी करणाऱ्याचे काम होय. पुस्तकाच्या बाबतीत तो वृत्तपत्रांकडे व मासिकांकडे अभिप्रायार्थ प्रती धाडतो, लेखकाची मुलाखत ठरवितो, प्रकाशनसमारंभ योजतो, ग्रंथपालांना व विक्रेत्यांना आगाऊ माहिती देतो. चित्रपटाच्या बाबतीत तो छायाचित्रे व निवेदने काढतो, पत्रकारांसाठी खास खेळ ठेवतो आणि भित्तिपत्रकांपासून आजच्या मोबाइलवरील झलकेपर्यंत सर्वांवर नजर ठेवतो. जाहिरात ही पैसे मोजून घेतलेली जागा असते. प्रसिद्धी ही दुसऱ्याने आपल्या विश्वासावर दिलेली जागा असते. हा भेद आपण ध्यानात ठेवावा, कारण या धंद्याचे सारे भांडवल त्या एका शब्दात, म्हणजे विश्वासात, साठविलेले आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे परदेशाहून आलेले खूळ आहे. तसे मुळीच नाही. भारतीय चित्रपटाचा जन्मच मुळी प्रसिद्धीच्या अंगणात झाला. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसाठी दाखविला. परंतु त्याआधी, २१ एप्रिल रोजी, ऑलिंपिया थिएटरात त्यांनी शहरातील प्रतिष्ठित मंडळी व वृत्तपत्रांचे संपादक यांना बोलावून खास खेळ केला होता. आज ज्याला पत्रकारांचा खेळ म्हणतात तो आपल्याकडे इतका जुना आहे.

याच चित्रपटाची दुसरी हकीकत अधिक बोधप्रद आहे. तो सुरतेस नेला असता पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. दोन आण्यांत पाच-सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या लोकांना तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महाग वाटला. तेव्हा अशा अर्थाची जाहिरात निघाली की, सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सर्व फक्त तीन आण्यांत! लोक लोटले, आणि गल्ला शेकड्यावर गेला.

मी पडलो गणिताचा शिक्षक. म्हणून हे उदाहरण फळ्यावर सोडवून पाहिले. चित्रपटाच्या फितीत एका फुटात सोळा छायाचित्रे बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे सुमारे ३,५६० फूट. या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. तेव्हा सत्तावन्न हजारांचा आकडा फारसा चुकीचा नाही, उलट किंचित कमीच आहे. परंतु एका मैलात ५,२८० फूट असतात. म्हणजे चित्राची लांबी दोन मैल तर नव्हेच, पुरता पाऊण मैलही नव्हे! एकाच जाहिरातीत एक आकडा सच्चा आणि दुसरा जवळजवळ तिपटीने फुगविलेला. फाळक्यांच्या थोरवीला यामुळे काडीइतकाही उणेपणा येत नाही. परंतु मौज अशी की, पहिला आकडाच माणसाला थक्क करण्यास पुरेसा होता. दुसऱ्याची गरजच नव्हती. प्रसिद्धीच्या विद्येचा पहिला धडा मला येथे दिसतो. ज्या वस्तूत खरोखर अपूर्वाई आहे तिच्यातील सत्यच हुडकून काढावे; ते न हुडकणारा आळशी माणूस मग मैल वाढवीत बसतो.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. त्यांनी चित्रपट काढले तेव्हा त्यांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगविली. ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या चित्रपटाचे त्यांचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या अत्यंत जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत गणले जाते. म्हणजे रस्त्याच्या भिंतीवर चिकटवावयाचा कागदही जीव ओतून करावा, असे त्या थोर कलावंताला वाटले. हीच परंपरा नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी अक्षरांच्या द्वारे चालविली. २०२० साली ते निवर्तले. परंतु वृत्तपत्रातील नाटकाचे नाव पाहताच त्या नाटकाचा स्वभाव कळावा, असे त्यांचे अक्षर होते. पुढे नामांकित लेखक व दिग्दर्शक झालेले ख्वाजा अहमद अब्बास हेही १९३६च्या सुमारास बॉम्बे टॉकीजच्या प्रसिद्धीचे काम करीत होते. तेव्हा हा धंदा हलक्यासलक्यांचा, असे म्हणण्यास आधार नाही.

पुस्तकांच्या क्षेत्रात तर या कामाला मी सेवाच म्हणेन. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर. त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. परंतु एवढ्या ग्रंथाला कागद, छापखाना व सहकारी यांचा खर्च कोठून यावा? केतकरांनी गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले. जो पंडित ज्ञानकोश लिहितो तोच दारोदार जाऊन त्याचे महत्त्व पटवून देतो. यात त्याची अब्रू गेली काय? उलट तो हिंडला म्हणूनच मराठी माणसाच्या कपाटात ज्ञानकोश आला. अलीकडच्या काळात ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचा असाच उद्योग केला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली तिनेच प्रसिद्ध केले. ज्यांचे जगणे मराठी वाङ्मयाने तोवर फारसे पाहिलेच नव्हते, त्यांचे शब्द घराघरांत गेले, ते पुस्तक दुकानात स्वस्थ बसून राहिले नाही म्हणून.

येथे मला आपल्या ज्ञातीविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. आपणांत लिहिणारे पुष्कळ आहेत. कोणी पदरमोड करून कवितासंग्रह छापतो, कोणी आजोबांचे चरित्र लिहितो, कोणी गावाचा इतिहास जुळवितो. प्रकाशनाच्या दिवशी हार-तुरे होतात, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठे पलंगाखाली जातात. पुढे ते वाळवीच्याच उपयोगी पडतात. लेखक संकोचाने बोलत नाही, आणि त्याच्या वतीने बोलणारा कोणी नसतो. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, ही म्हण आपण हसून सांगतो. परंतु त्या पडून राहिलेल्या सोन्याकडे पाहून रडू येते. ज्या दोन मुलांचा उल्लेख मी आरंभी केला, त्यांच्याकडे ते सोने बाजारात नेण्याची विद्या आहे. तिला हसण्याऐवजी आपण ती शिकून घ्यावी.

परंतु विद्या म्हटली की नीती आलीच. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ असाही प्रकार या धंद्यात चालतो. परीक्षणकार लिहितो, “भाषा सुंदर, परंतु कथेत जीव नाही.” वेष्टनावर छापले जाते, “भाषा सुंदर.” एक अक्षरही खोटे नाही आणि तरी सारेच खोटे! पैसे घेऊन छापलेली मजकूरवजा जाहिरात बातमीच्या वेषात वाचकापुढे येते, तेव्हा तर वाचकाचा विश्वासच चोरीस जातो. भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० साली या पैशाच्या बातम्यांविषयी अहवाल काढावा लागला. समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगावे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली घातला. रोग नसता तर औषधाची गरज पडली नसती.

म्हणून या व्यवसायात जाणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे असे. जे पुस्तक तुम्ही वाचले नाही, जे नाटक तुम्ही पाहिले नाही, त्याची स्तुती करू नका. जे वाक्य पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाच्या तोंडावर पुन्हा उच्चारता येणार नाही, ते आधीही उच्चारू नका. आणि जेथे पैसे दिले असतील तेथे पैसे दिल्याचे लपवू नका. गाजावाजाने पहिला दिवस भरतो; पुढचे दिवस भरतात ते कृतीच्या गुणावर. १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. इतके दिवस कोणाचीही दवंडी पुरत नाही. घरी गेलेला प्रेक्षक शेजाऱ्याला सांगतो, तेव्हाच ते घडते. उत्तम प्रसिद्धी करणारा तोच, जो त्या पहिल्या प्रेक्षकाला खरे सांगून आणतो आणि मग बाजूला होतो.

वडीलधाऱ्या मंडळींस उत्तर एवढेच की, या धंद्यात अब्रूची शाश्वती धंद्यावर अवलंबून नाही, करणाऱ्यावर आहे. आणि ती तर आपल्या घरच्या संस्कारांची गोष्ट झाली. सूचीतील त्या दोन नावांपुढे बोट थांबले तर पगार जरूर विचारा, पण त्याआधी, “मागील वर्षी तू कोणते पुस्तक लोकांपर्यंत पोहोचविलेस, आणि ते तुला स्वतःला आवडले होते काय?” हे विचारा. उत्तर देताना मुलाचे डोळे चमकले तर स्थळ उत्तम आहे असे समजावे.